टर्बोचा बूस्ट वाढवून घ्यायच्या आधी

नमस्कार. गॅरेजमध्ये आल्या आल्या बरेच जण एकच सांगतात, "बूस्ट थोडा वाढवून द्या, बाकी कशाला हात लावू नका." हे पत्रक त्यांच्यासाठी लिहिलंय. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, तो हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि हा जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. बूस्ट वाढवणं जुन्या गाडीत खरंच दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढंच करून पिस्टन गेलेल्या गाड्या आम्ही खोलल्यात, त्यामुळे आधी हे वाचा आणि मग ठरवा.

कंपनीने काय करून ठेवलंय ते समजायला जुनी ऑक्टाविया आरएस घेऊ, २००४ ला आपल्याकडे आलेली, १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप). हीच का, तर हिच्यात सगळं डोळ्यांनी दिसतं. टर्बोच्या गरम बाजूला एक छोटी झडप असते, वेस्टगेट. ती उघडली की इंजिनातून निघालेला गरम धूर टर्बाईनला (धुराने फिरणाऱ्या चाकाला) वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो आणि टर्बोचा वेग वाढायचा थांबतो. झडपेला बंद धरायला एका डबीत स्प्रिंग असते, ही डबी म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. टर्बोने दाबलेली हवा पाईपने डबीत येते, स्प्रिंगला ढकलते आणि झडप उघडते. एवढंच असतं तर स्प्रिंग ठरवेल तेवढाच बूस्ट मिळाला असता आणि तो फारच कमी असतो. म्हणून मध्ये एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बसवलाय, आमच्या धंद्यात सगळे त्याला एन७५ म्हणतात. त्याला तीन तोंडं असतात: एक टर्बोच्या पुढच्या दाबाला, एक अ‍ॅक्च्युएटरला, एक परत टर्बोच्या मागच्या, हवा आत घेणाऱ्या पाईपला. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याला भराभर चालू-बंद करत राहतो, चालू असताना अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी हवा मागे सोडून दिली जाते, डबीला खरा दाब कळत नाही, झडप बंद राहते आणि बूस्ट चढतो.

आता यातली गंमत बघा, म्हणजे मला तरी हे डिझाइन फार आवडतं. एन७५ ची वायर निघाली किंवा तो जळला तर सगळा दाब सरळ अ‍ॅक्च्युएटरला जातो, बूस्ट पडतो, गाडी मरगळते पण इंजिन वाचतं. बिघडायचंच असेल तर सुरक्षित बाजूला बिघडावं अशी ती रचना आहे. पण अ‍ॅक्च्युएटरला जाणारा पाईपच फाटला किंवा क्लिपमधून सुटला, तर झडपेला उघडायला कोणी सांगतच नाही आणि बूस्ट भलताच चढतो. पन्नास-शंभर रुपयांचा रबरी पाईप हा! म्हणून जुन्या गाडीत आम्ही आधी सगळे पाईप बदलतो आणि मगच पुढचं बोलतो.

पोलो जीटी टीएसआय आणि नंतरच्या ऑक्टाविया व्हीआरएस मध्ये ही डबी-पाईप भानगड नाही, तिथे वेस्टगेट छोटी इलेक्ट्रिक मोटर हलवते आणि किती उघडायची ते ईसीयू सरळ ठरवतो. त्यामुळे तिथे पाईपला नळ बसवून बूस्ट वाढवायचा प्रश्नच येत नाही.

हा नळ म्हणजे ब्लीड व्हॉल्व्ह. बाजारात स्वस्तात मिळतो, अ‍ॅक्च्युएटरच्या लाईनमध्ये टाकायचा, थोडी हवा बाहेर सोडायची, डबी फसते, बूस्ट वाढतो. आम्ही तो बसवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. कारण कंपनीचा बूस्ट म्हणजे एक आकडा नसतो, तो अख्खा नकाशा असतो: मधल्या आरपीएमला जास्त, रेडलाईनकडे जाताना हळूहळू कमी, कारण छोटा टर्बो वरती दमतो आणि हवा दाबण्याऐवजी नुसती तापवायला लागतो. शिवाय हवा गरम असेल, नॉकिंग (खाली सांगतो) होत असेल तर ईसीयू बूस्ट आणखी खाली घेतो. नळाला यातलं काहीच कळत नाही.

तापण्याचं गणित एकदा सांगतोच. बाहेर ३० डिग्री आहे आणि टर्बो ०.८ बार बूस्ट देतोय, तर इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी हवा साधारण ११० डिग्रीला जाते. तोच १ बार केला तर १२० च्या वर, आणि हा हिशोब टर्बो ताजातवाना चालतोय असं धरून आहे. इंटरकूलर तेवढाच, समोर मे महिन्यातली हवा, ट्रॅफिकमध्ये वारा नाही, मग ती उष्णता जाते कुठे, सिलेंडरमध्ये. तिथे प्लगच्या ठिणगीनंतर, ज्वाला पोहोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपलं आपणच पेटतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनच्या रिंगांमधला पातळ भाग त्यानेच तुटतो. आमच्याच एका गाडीत हे झालंय, आमची स्वतःची आरएस, सुरुवातीच्या दिवसात नळ लावून घाटात चालवली, तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन गेलं. तेव्हापासून लॉग (गाडी चालताना ईसीयूकडून नोंदवलेले आकडे) बघितल्याशिवाय आम्ही कुठल्याच गाडीला हात लावत नाही.

नवीन गाड्यांसाठी नळाचा भाऊ म्हणजे बॉक्स, जो बूस्ट सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि दाब खऱ्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, तो वाढवतो. पण ठिणगी कधी टाकायची हेसुद्धा तो त्याच खोट्या आकड्यावरून ठरवतो, म्हणजे हवा जास्त आणि ठिणगी कमी हवेच्या हिशोबाने, लवकर. नॉक सेन्सर सांभाळून घेतो, पण रोज त्याच्याच भरवशावर गाडी चालवायची का? आमचं उत्तर नाही असं आहे. काही बॉक्स बरे असतात हे मान्य, तरी ज्या कॉम्प्युटरवर इंजिनाचा जीव आहे त्याला खोटं सांगण्यापेक्षा खरं सांगून नवीन नकाशा द्यावा, म्हणजे रीमॅप, ज्यात बूस्ट, पेट्रोल, ठिणगी, टॉर्कची मर्यादा सगळं एकत्र बदलतं.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी एक खास गोष्ट. स्प्रिंगवाला अ‍ॅक्च्युएटर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो, ईसीयू मात्र एकूण दाब बघतो. महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, त्यामुळे एकूण दाब तेवढाच ठेवायला टर्बोला तिथे जास्त फिरावं लागतं, आणि हे छोटे टर्बो मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास आधीच फिरत असतात. म्हणून समुद्रसपाटीवर काठावर बसवलेला नकाशा घाटमाथ्यावर टर्बो खातो. आम्ही वरती थोडी जागा सोडतो, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ५-७ पीएस कमी दिसतील, दिसू देत.

आमच्याकडे काम कसं होतं ते सांगतो. पहिल्या दिवशी काहीच वाढवत नाही. इनटेकमध्ये धूर सोडून लीक बघतो, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पेडल सोडल्यावर जास्तीचा दाब मागे सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलाय का बघतो, प्लग काढून बघतो, मग डायनोवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलेंडरमध्ये ठिणगी किती मागे खेचली जातेय, पेट्रोलचं प्रेशर हे सगळं लॉग करतो. बरेचदा इथेच काम संपतं, लीक काढला, प्लग बदलले आणि ग्राहक म्हणतो अरे गाडी अशी होती होय! त्याचे पैसे लीकचेच घेतो.

पुढे जायचं असेल तर गिअरबॉक्स बघावा लागतो. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, गाडी कंपनीतून १७५ ची यायची. म्हणजे जागा आहे पण बेसुमार नाही, आणि सिग्नलला रांगत जाणाऱ्या गाडीत तो क्लच तसाही तापतो. ऑक्टाविया व्हीआरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा, तो जास्त सोसतो. नकाशा दोघांना एकसारखा देता येत नाही, मित्राच्या गाडीची फाईल आणून "हीच टाका" म्हणू नका प्लीज.

पेट्रोल कुठलं टाकता ते खरं सांगा. १०० ऑक्टेन प्रत्येक पंपावर मिळत नाही, कोकणात उतरलात की साधंच मिळेल, म्हणून रोज जे भरता त्यावरच आम्ही नकाशा बनवतो. शक्य असेल तर टाकीत तेच पेट्रोल घेऊन या.

कायद्याचं लपवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत परवानगीशिवाय बदल करायला मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, आणि वॉरंटीतल्या गाडीचं सॉफ्टवेअर बदललंय हे सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला कळू शकतं. वॉरंटी चालू असेल तर आम्ही स्वतःहून थांबा म्हणतो. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून देत नाही. कोईम्बतूरच्या ट्रॅकवर किंवा ड्रॅगला पळवायची गाडी असेल तर तो वेगळा विषय, समोर बसून बोलू.

काम झाल्यावर दोन सवयी लावून घ्या. टॉप गिअरला १५०० आरपीएमवर पेडल पूर्ण दाबू नका, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात तिथेच ठिणगीआधी पेट घेण्याचा धोका सगळ्यात जास्त, एक गिअर खाली घ्या. आणि चालता चालता पिकअप एकदम मेला, इंजिनची लाईट लागली, तर गाडी लिंप मोडमध्ये गेलीय, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयूने ताकद कमी केलीय. चावी बंद-चालू केली की पिकअप परत येतो आणि लोक तसेच पुढे जातात, असं करू नका. कोड (ईसीयूने साठवलेला बिघाडाचा नंबर) डिलीट करायचा नाही, पी०२३४ असेल तर बूस्ट जास्त झालाय, पी०२९९ असेल तर कमी पडलाय, आणि दोन्हीची कारणं अगदी वेगळी. हळू चालवत या किंवा फोन करा, रात्री असला तरी चालेल, कोड तसाच ठेवून आणलात तर अर्ध्या तासात कारण सापडतं.