इंजिर्लिक : तळ तुर्कस्तानचा, विमानं अमेरिकेची

अदाना शहराजवळचा इंजिर्लिक हवाई तळ बातम्यांत सर्रास ‘अमेरिकेचा तळ’ म्हणून येतो. प्रत्यक्षात जमीन तुर्कस्तानची, तळप्रमुखही तुर्की हवाई दलाचा. अमेरिकेची विमानं तिथे सत्तर वर्षं असली, तरी नाटोबाहेरच्या मोहिमेवर जायचं तर अंकाराचा, म्हणजे तुर्की सरकारचा, होकार लागतो.

बांधकाम १९५१ मध्ये अमेरिकी लष्करी अभियंत्यांनी सुरू केलं. १९५६ पासून इथूनच यू-२ टेहळणी विमानं सोव्हिएत हद्दीवर जाऊ लागली. १९६० मध्ये पाडलं गेलेलं यू-२ पेशावरहून उडालं होतं खरं, पण त्या तुकडीचा मुक्काम इंजिर्लिकलाच होता. (१९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात गाजलेली तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं मात्र इथे नव्हती, ती पश्चिमेकडच्या इझमीर शहराच्या बाजूला होती.) सायप्रसमध्ये तुर्कस्तानने सैन्य घुसवल्यावरून अमेरिकेने त्याच्यावर शस्त्रबंदी लादली, तेव्हा १९७५ मध्ये तुर्कस्तानने अमेरिकी तळांवरचं कामकाज थांबवलं. इंजिर्लिक नाटोच्या कामापुरतं चालू ठेवलं. बंदी उठल्यावर १९८० मध्ये संरक्षण करार झाला. १९९१ च्या आखाती युद्धात इथून इराकवर हल्ले झाले आणि पुढे २००३ पर्यंत उत्तर इराकवरच्या हवाई गस्तीची विमानंही इथूनच उडत होती.

म्हणूनच २००३ मध्ये वॉशिंग्टनने होकार गृहीत धरला असावा. इराकवर उत्तरेकडूनही चढाई करायची, त्यासाठी ६२ हजार सैनिक आणि २५५ विमानं तुर्कस्तानात आणायची, असा प्रस्ताव होता. बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत. परवानगी येणारच म्हणून रणगाडे आणि वाहनं भरलेली जहाजं आधीच भूमध्य समुद्रात येऊन थांबली होती.

१ मार्चला संसदेत बंद दाराआड मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त, त्यामुळे ठराव मंजूर झाला असंच अनेकांना वाटलं. मात्र राज्यघटनेनुसार हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात, म्हणजे ५३३ पैकी २६७. ठराव तीन मतांनी पडला. सत्ताधारी पक्षाकडे भक्कम बहुमत असूनही त्यांचेच बरेच खासदार फुटले. एरवी राजकारणात सतत लुडबुड करणाऱ्या लष्करानेही आदल्या दिवशी ठाम शिफारस केली नाही, आणि पुढे अमेरिकेने त्याचाच राग लष्करावर काढला. कोणी याला तांत्रिक अपघात म्हणतं. पण जनमत उघडउघड युद्धाच्या विरोधात होतं, आणि खासदार मतदारसंघात तोंड दाखवायचं आहे हे विसरलेले नव्हते.

जहाजं सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली. २० मार्चला हवाई हद्द तेवढी खुली झाली, आणि काही काळाने इंजिर्लिक इराकमधल्या फौजांच्या रसदीचं ठाणं बनलं. सैन्याला नकार आणि मालाला होकार, असा हा मामला.

सीरियातल्या ‘इसिस’वर हल्ल्यांसाठी परवानगी मिळाली ती २०१५ च्या जुलैमध्ये, महिनोन्‌महिने घासाघीस झाल्यावर. वर्षभरातच तुर्कस्तानात लष्करी बंडाचा प्रयत्न झाला. बंडखोरांच्या एफ-१६ विमानांना हवेत इंधन देणारी विमानं इंजिर्लिकहूनच उडाली होती. तुर्की तळप्रमुखाला अटक झाली, तळाची वीज तोडली गेली आणि अमेरिकी तुकड्यांनी जवळपास आठवडाभर जनरेटरवर दिवस काढले. तळावर अमेरिकेचे अणुबॉम्ब आहेत असं अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आलेत, त्यामुळे त्या आठवड्यात युरोपात बरीच घबराट होती.

‘इसिस’विरोधी मोहिमेसाठी इथे विमानं ठेवणाऱ्या जर्मनीने तर २०१७ मध्ये गाशाच गुंडाळला. त्यांच्या खासदारांना आपल्याच सैनिकांना भेटायला जाऊ दिलं जात नव्हतं, म्हणून टोर्नेडो विमानं जॉर्डनला हलवली गेली.