हाताने चालवलं की चालतं!

रात्री निघताना सगळ्या मशीनना विंडोज आणि त्यावरची सॉफ्टवेअर आपोआप बसवणारे पेनड्राइव्ह लावून गेलो होतो. सकाळी येऊन बघतो तर एकही मशीन पुढे सरकलेलं नाही. पडद्यावर ठिपके गोल फिरतायत, बस. ज्या सॉफ्टवेअरवर गाडी अडली असावी असा संशय होता, त्याची तीच कमांड शेजारच्या तयार मशीनवर हाताने चालवली. दोन मिनिटांत बसलं! पुढचा अर्धा दिवस डोकं खाजवण्यात गेला.

माणूस समोर न बसता ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची याला अनअटेंडेड इन्स्टॉलेशन म्हणतात. डिस्क कोणती, भाषा कोणती, मशीनचं नाव काय, हे सेटअप एरवी आपल्याला विचारतो. इथे उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. विंडोज एक्सपीच्या काळात ती साधी मजकुराची फाइल असे, पुढच्या व्हिस्टापासून एक्सएमएल (खुणांच्या चौकटीत लिहिलेली फाइल) आली. मात्र ही फाइल विंडोजच्या प्रश्नांची उत्तरं देते. तिच्या पाठोपाठ आपण जी सॉफ्टवेअर बसवायला लावतो, त्यांचे प्रश्न त्यांचे त्यांचे असतात. घोळ बहुतेक वेळा तिथे होतो.

विंडोजच्या सेटअपचे एकूण ७ टप्पे आहेत, पण सगळे दर वेळी चालत नाहीत. सुरुवातीला मेमरीत उभी राहते ती विंडोज पीई नावाची छोटी विंडोज. तिथे एमएसआय पॅकेज (विंडोजच्या ठरावीक साच्यातली इन्स्टॉल फाइल) बसतच नाही, त्यामुळे तिथे प्रयत्न करण्यात अर्थ नाही. पुढे ‘स्पेशलाइझ’ टप्प्यात मशीनला स्वतःचं नाव मिळतं, पण अजून कुणी लॉगिन केलेलं नसतं. शेवटच्या टप्प्यात खातं तयार होतं आणि पहिल्या लॉगिननंतरच्या कमांड चालतात. याशिवाय ‘सेटअपकम्प्लीट’ नावाची बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी, आहे. लॉगिनचा पडदा येण्याआधी ती ‘सिस्टिम’ या विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली चालते.

हे सिस्टिम खातं नीट समजून घेतलं की निम्मी कोडी सुटतात. अधिकारांच्या बाबतीत ते आपल्या ॲडमिन खात्यापेक्षाही वरचढ. पण त्याला आपला डेस्कटॉप नाही, आपण नेटवर्कवरून जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह त्याला दिसत नाही आणि रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला) ‘करंट यूजर’ म्हणजे त्याच्या दृष्टीने ते स्वतःच. एखादा इन्स्टॉलर आपलं सामान ‘चालू वापरकर्त्याच्या’ फोल्डरमध्ये टाकणारा असेल, तर ते सिस्टिम ३२ च्या पोटातल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, सिस्टिमप्रोफाइल नावाच्या कोपऱ्यात जाऊन पडतं. लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉलरच्या नोंदवहीत, सगळं यशस्वी, आणि डेस्कटॉपवर आयकॉनचा पत्ता नाही. अशा वेळी एरर शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण एरर झालेलीच नाही.

काही वेळा तर स्क्रिप्ट, म्हणजे ती बॅच फाइल, चाललेलीच नसते. मशीनसोबत उत्पादकाकडून येणारी (ओईएम) लायसन्स की वापरली असेल, तर एंटरप्राइझ आवृत्ती आणि सर्व्हर वगळता विंडोज ‘सेटअपकम्प्लीट’ला हातच लावत नाही. एका अक्षराचीही चूक नसलेली फाइल तासन्‌तास तपासणारे लोक मी पाहिले आहेत. (मीही त्यातलाच.) म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळ नेहमी एकच काम करणारी ठेवावी: तारीख-वेळ एका फाइलमध्ये लिहिणं. ती फाइल सापडली नाही, तर पुढचं सगळं बघायची गरज नाही.

आता एरर कोड. प्रत्येक इन्स्टॉलर संपताना एक आकडा परत देतो, आणि ‘सेटअपकम्प्लीट’ने काय आकडा दिला हे विंडोजचा सेटअप तपासत नाही. ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं. ० म्हणजे झालं. ३०१० पाहून लोक दचकतात, पण त्याचा अर्थ ‘झालं, फक्त रीस्टार्ट हवा’ इतकाच. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूही झाला. स्क्रिप्टच्या मध्यावर हा आला की उरलेल्या ओळी वाऱ्यावर.

१६१८ सगळ्यात मजेशीर. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच एमएसआय बसवतो, दुसरं आलं तर त्याला हा आकडा देऊन परत पाठवतो. आपली स्क्रिप्ट तर एकेक करूनच बसवत असते, मग दुसरं आलं कुठून? बऱ्याच सेटअप फाइली नुसतं वेष्टन असतात. खरं काम दुसऱ्या प्रोसेसवर सोपवून त्या स्वतः निघून जातात. स्क्रिप्टला वाटतं झालं, ती पुढचं पॅकेज सुरू करते. हाताने बसवताना आपण खिडकी बंद व्हायची वाट बघतो, म्हणून हा घोळ कधी दिसत नाही.

१६०३ म्हणजे ‘काहीतरी बिघडलं’. यावरून काहीच कळत नाही. एमएसआयचा तपशीलवार लॉग काढायचा आणि त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधायचं. पहिल्यांदा ते जिथे येतं, त्याच्या वरच्या काही ओळींत बहुधा कारण असतं. लॉगच्या तळाशी असतो तो नुसता पसारा. विंडोजच्या स्वतःच्या सेटअपचे लॉग ‘पँथर’ नावाच्या फोल्डरमध्ये मिळतात.

नेटवर्क आणि घड्याळ यांच्याबद्दल थोडक्यात: कार्डाचा ड्रायव्हर बसून आयपी पत्ता मिळायच्या आत कमांड सुटली की डाउनलोड पडतं. बोर्डावरची बॅटरी संपून तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि त्यामुळेही डाउनलोड पडतं.

लिनक्समध्ये नावं बदलतात, दुखणं तेच. किकस्टार्ट या तिथल्या अनअटेंडेड पद्धतीची शेवटची स्क्रिप्ट नव्या सिस्टिमच्या फाइलींत शिरून चालते, पण ती सिस्टिम अजून बूट झालेली नसते. तिथे सर्व्हिस ‘एनेबल’ करता येते, ‘स्टार्ट’ नाही. डेबियन या लिनक्समध्ये एखादं पॅकेज मध्येच प्रश्न विचारून अडून बसू नये म्हणून त्याला आधीच सांगावं लागतं, की समोर कुणी नाही.

विंडोजच्या इन्स्टॉलरना तेच सांगायचं तर कमांडला एक शब्द जोडायचा, त्याला स्विच म्हणतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एमएसआयला ‘क्यूएन’, इनो सेटअप या साधनाने बनवलेल्याला ‘व्हेरीसायलेंट’, एनएसआयएस या दुसऱ्या साधनाने बनवलेल्याला ‘एस’, आणि तोही कॅपिटल. छोटा एस दिलात तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. चुकीचा स्विच दिला की इन्स्टॉलर खिडकी उघडतो, आणि सिस्टिम खात्याची खिडकी व्हिस्टापासून वेगळ्या, न दिसणाऱ्या सेशनमध्ये उघडते. बटण दाबायला तिथे कुणीच पोहोचू शकत नाही.

माझा स्विच मात्र बरोबर होता. शेवटी व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या आभासी संगणकावर) नवी विंडोज बसवली, मागे परतता यावं म्हणून तिचा स्नॅपशॉट घेतला आणि पीएसएग्झेक या छोट्या टूलने तीच कमांड सिस्टिम खात्याखाली चालवली, पण खिडक्या माझ्या पडद्यावर दिसतील अशी. मिनिटभरात एक खिडकी उघडली. मुख्य इन्स्टॉलर निमूटपणे चालला होता, पण त्याच्या पोटातल्या रनटाइमच्या (सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या पूरक भागाच्या) इन्स्टॉलरला त्याने स्विच पुढे दिलाच नव्हता. तो आपला ‘अटी मान्य आहेत का?’ विचारत उभा. सकाळी हाताने चालवताना हीच खिडकी आली असणार आणि मी न वाचता ‘मान्य’ दाबलं असणार. मला आठवतही नव्हतं. ते रनटाइम बाहेर काढलं, त्याच्या स्वतःच्या स्विचसह यादीत एक ओळ वर घातलं आणि संध्याकाळी पुन्हा पेनड्राइव्ह लावून निघालो.