टॅलाहासीच्या रॅटलर्स संघाची झेप आणि माघार : पार्श्वभूमी

टॅलाहासी शहरातील फ्लोरिडा ए अँड एम हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ आहे. त्याचा फुटबॉल संघ, म्हणजेच रॅटलर्स, २००४ साली अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीकडे निघाला आणि एका हंगामातच मागे फिरला. या घटनेकडे बहुतेकदा विद्यापीठ प्रशासनाच्या हौसेचा फटका म्हणून पाहिले जाते. हिशेबाच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु हा निर्णय ज्या परिस्थितीतून आला, ती त्याआधी पस्तीस वर्षांपासून तयार होत होती.

१९४५ पासून पंचवीस हंगाम एकाच प्रशिक्षकाने या संघाची धुरा वाहिली आणि २०३ विजय, ३६ पराभव व ४ बरोबरी असा हिशेब मागे ठेवला. या यशात त्यांच्या कर्तबगारीइतकाच वर्णभेदाचाही वाटा होता. राज्यातील मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेत नसल्यामुळे फ्लोरिडातील गुणी मुले टॅलाहासीकडेच वळत. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकणारा धावपटू याच संघातून खेळलेला होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये टॅम्पा येथे मुख्यतः गोऱ्यांच्या विद्यापीठाविरुद्ध सामना झाला आणि रॅटलर्सनी तो ३४–२८ असा जिंकला. दक्षिणेतील राज्यांत असा सामना त्याआधी झालेला नव्हता. त्याला परवानगी मिळावी म्हणून प्रशिक्षकांनी बराच काळ पाठपुरावा केला होता. सामन्यानंतर काही दिवसांतच तो हंगाम संपला आणि ते निवृत्त झाले. वर्णभेदाची भिंत पडावी यासाठी झटलेल्या याच संघाला ती पडल्याची किंमत सर्वाधिक मोजावी लागली, कारण पुढील काळात त्याच शहरातील दुसरे, कितीतरी श्रीमंत विद्यापीठ त्याच मुलांना आपल्या संघात ओढण्यासाठी त्यांच्या घरी जाऊ लागले.

तरीही घसरण लगेच झाली नाही. १९७८ मध्ये डिव्हिजन वन-डबल ए ही सर्वोच्च श्रेणीच्या खालची श्रेणी नव्याने निर्माण झाली आणि तिचे पहिलेच विजेतेपद रॅटलर्सनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला ३५–२८ असे हरवून मिळवले. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या अन्य कोणत्याही विद्यापीठाला ते आजवर साधलेले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी मायामी विद्यापीठाला १६–१३ असे नमवले. ऐंशीचे दशक मात्र कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसात नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातून, बाहेर पडण्यात आणि पुन्हा आत येण्यात गेले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चेंडू फेकण्यावर भर देणाऱ्या नव्या प्रशिक्षकाच्या काळात संघ पुन्हा वर आला आणि १९९९ मध्ये वन-डबल एच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २००४ चा निर्णय या यशाच्या भरात झाला, हे विसरून चालणार नाही.

वन-ए या सर्वोच्च श्रेणीत जाण्यासाठीच्या अटी त्याच सुमारास कडक झाल्या होत्या. घरच्या सामन्यांना सरासरी १५ हजार प्रेक्षक हवेत, त्याच श्रेणीतील किमान पाच संघांनी आपल्या मैदानावर येऊन खेळावे आणि फुटबॉलसाठीच्या पूर्ण शिष्यवृत्त्या ६३ वरून ८५ च्या मर्यादेकडे न्याव्यात, असे त्यांचे स्वरूप होते. यांपैकी प्रेक्षकांची अट या संघाला फारशी अवघड नव्हती. प्रसिद्ध बँड आणि निष्ठावान माजी विद्यार्थी यांच्या बळावर त्यांचे सामने भरत असत. अडचण होती ती पाहुण्यांची. बड्या विद्यापीठांना आपल्या मैदानावर लहान संघ पैसे देऊन बोलावणे परवडते. सुमारे २५ हजार आसनांच्या मैदानावर स्वतः येऊन खेळण्यात त्यांना काय स्वारस्य असणार? शिवाय या संघाला सामावून घेणारी वन-ए मधील कॉन्फरन्स आधी निश्चित झालेली नव्हती. प्रक्षेपणाचा महसूल आणि सामन्यांचे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी कॉन्फरन्समधूनच येतात. त्यामुळे २००४ चा हंगाम संघ स्वतंत्रपणे खेळला, खर्च आधी आला आणि उत्पन्न आलेच नाही. अखेर हा प्रयत्न सोडून देण्यात आला व २००५ मध्ये संघ जुन्या कॉन्फरन्समध्ये परतला. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षकांना बडतर्फ करण्यात आले आणि क्रीडा विभागातील नियमभंगांची चौकशी पुढे बराच काळ चालू राहिली. वर जाण्याची इच्छा अवाजवी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. गुणी खेळाडू ज्या श्रेणीकडे जात होते, त्या श्रेणीत आपणही असावे, हा विचार तर्काला धरूनच होता. चूक क्रमाची होती.

त्यानंतरचे दशक संघासाठी बहुतांशी सुमार गेले. २०२१ मध्ये विद्यापीठाने पुन्हा कॉन्फरन्स बदलली, पण यावेळी श्रेणी न बदलता, प्रवासाच्या दृष्टीने जवळच्या आणि कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्याच गटात. ही निवड २००४ च्या नेमकी उलट होती. ऑगस्ट २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याआधी पात्रतेच्या कागदपत्रांच्या घोळामुळे सुमारे वीस खेळाडू बाहेर बसले, सामनाच रद्द होण्याची वेळ आली आणि खेळाडूंनी विद्यापीठाच्या कारभाराविषयी उघडपणे तक्रार केली. जुन्या अडचणींपैकी ही एक तर निश्चितच शिल्लक होती. त्याच संघाने डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटा येथे हॉवर्ड विद्यापीठाला ३०–२६ असे हरवून १२ विजय व १ पराभव असा हंगाम पूर्ण केला. पुढच्याच महिन्यात या संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी ड्यूक विद्यापीठात सहायकाचे पद स्वीकारले.