टॉकबॅक वेगळं, वाचून दाखवणं वेगळं

‘पोराला वाचायला जड जातंय? मग फोनमधलं ते बोलणारं चालू करून द्या.’ इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता लग्नाच्या पंगतीतही मी मध्येच तोंड घालतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ‘ते बोलणारं’ म्हणजे कुठलं, हे त्यालाही ठाऊक नसतं.

माझ्या भाचीनं असंच कुणाचं तरी ऐकून सहावीतल्या मुलासाठी अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक चालू केलं. ते चालू असलं की एकदा बोट टेकवल्यावर फोन फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा टेकवावं लागतं आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन काही उघडेना आणि गप्पही बसेना. जेल रोडवरच्या दुकानदारानं ‘रीसेट मारना पड़ेगा’ म्हणून हात झटकले. सेटिंगमध्ये जाऊन एक बटण बंद करायचं होतं, एवढंच.

टॉकबॅक, आयफोनचं व्हॉइसओव्हर, कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए हे सगळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारे. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी ते बनवलेत. एनव्हीडीए तर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणानेच सुरू केलं, आणि ते आजही फुकट मिळतं. मजकुराबरोबर बटण कुठलं, लिंक कुठली, शीर्षक कितव्या पातळीचं, हेही ते सांगतं, कारण ऐकणाऱ्याला पूर्ण कॉम्प्युटरच कानाने चालवायचा असतो. सरावलेले अंध वापरणारे ते इतक्या वेगात ऐकतात की शेजारच्याला एक शब्द लागत नाही.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला जड जाण्याची अडचण, असलेल्या मुलाला मात्र पडदा छान दिसतो. बटणं त्याला सापडतात, यूट्यूब तर तुमच्याआधी सापडतं. अडतं ते अक्षर आणि आवाज यांची गाठ बांधण्यापाशी. म्हणून त्याला डोळ्यांऐवजी कान नको आहेत, डोळ्यांसोबत कान हवे आहेत. जो शब्द ऐकू येतोय तोच त्याच क्षणी पानावर उजळला पाहिजे.

आपल्या लिपीत तर हे जास्तच लागतं. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. मधल्या जोडाक्षरात डावीकडून डोळा फिरवला तर आधी वेलांटी, मग म, मग रफार. बोलताना मात्र आधी र, मग म, आणि वेलांटी शेवटी. बरोब्बर उलटा क्रम! आपण सवयीने हे गिळून टाकतो, ते पोर तिथेच ठेचकाळतं. नजर त्या अक्षरांवर असतानाच ‘मार्मिक’ असा आवाज आला, तर दोन्हींची सांगड बसायला निदान संधी मिळते. टॉकबॅकही पडद्यावर चौकट काढतं, नाही असं नाही. पण ती एकाच वेळी सबंध परिच्छेदाभोवती पडते. त्यातला कुठला शब्द चालू आहे, हे पोराने कसं ओळखायचं?

शब्द उजळत नसेल तर मी त्याला वाचनाचं साधन म्हणतच नाही, मग आवाज कितीही गोड असो.

अँड्रॉइडवर यासाठी ‘सिलेक्ट टू स्पीक’ आहे, टॉकबॅकच्याच यादीत शेजारी, आणि म्हणूनच घोळ होतो. निवडाल तेवढंच ते वाचतं, फोन वापरायची पद्धत बदलत नाही. कॉम्प्युटरवर माझी पसंती एज ब्राउझरमधल्या, पान वाचून दाखवणाऱ्या इमर्सिव्ह रीडरला. एफ नाइन दाबा, जाहिराती जातात, ओळी मोकळ्या होतात, हवी तर एकच ओळ उघडी राहते. मराठी आवाजही आहेत, आरोही आणि मनोहर, फक्त इंटरनेट लागतं. वेग सुरुवातीला कमीच ठेवा. आणि आवाजाची भाषा तपासा. हिंदी आवाजाला मराठी पान दिलं की तो ‘50 पानं’ला ‘पचास पानं’ म्हणतो आणि ‘चमचा’तले दोन्ही च ‘चहा’तल्या चसारखे उच्चारतो. आमच्याकडे फोन मुळात हिंदीत असतात, त्यामुळे हे हमखास होतं.

‘ऐकत बसला तर वाचायला शिकणार कधी?’ असं आजी विचारतात. बरोबर आहे, हे साधन वाचायला शिकवत नाही, ते काम शिकवणाऱ्या माणसाचंच. पण तोवर पोराचा इतिहास आणि विज्ञान का बुडवायचं?

स्पेलचेक आणि शब्द सुचवणारा कीबोर्ड यांतही लोक गोंधळतात. एक चूक झाल्यावर बोलतो, दुसरा होण्याआधी, एवढाच फरक. फक्त स्पेलचेकची भाषा बघा. शाळेत हिंदीचं ‘कवि’ ऱ्हस्व, घरी मराठीचं ‘कवी’ दीर्घ, आणि हिंदीवर ठेवलेला कॉम्प्युटर मराठी निबंधभर लाल रेघा मारतो. पोराला वाटतं, सगळं आपलंच चुकतंय. डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट आणि रंगीत प्लास्टिकचे कागद यांवर पैसे घालू नका. त्यांनी वाचन सुधारतं असा भक्कम पुरावा नाही.

एक गोष्ट मात्र स्क्रीन रीडर आणि वाचून दाखवणारं साधन, दोन्हींना सारखीच आडवी येते. मध्यप्रदेशातल्या शाळांच्या कित्येक प्रश्नपत्रिका अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. दिसायला ती देवनागरी, आत मात्र इंग्रजी अक्षरं. आवाज सुरू केला की फोन भूत लागल्यासारखा इंग्रजी बडबडतो आणि आई समजते, ॲप बिघडलं. अशा वेळी त्या पानाचा फोटो काढा आणि गूगल लेन्समध्ये उघडून ‘ऐका’ दाबा. लेन्स अक्षरांचे आकार बघून वाचतं, आत काय टाइप केलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.