सर्नचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९६२ पासून उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम चालतो. सकाळी व्याख्याने आणि उरलेला दिवस एखाद्या संशोधन गटासोबत काम, असे त्याचे साधारण स्वरूप असते. हे काम कणांना प्रचंड वेग देणाऱ्या २७ किलोमीटर परिघाच्या त्वरकावरील प्रयोगांतील विदेचे (डेटाचे) विश्लेषण, डिटेक्टरची म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणाची चाचणी किंवा संगणकप्रणाली यांपैकी कशाचेही असू शकते.

भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा गणित या विषयांत पदवी अथवा पदव्युत्तर शिक्षण घेणारा आणि त्या उन्हाळ्यापर्यंत विद्यापीठातील पूर्णवेळ शिक्षणाची किमान तीन वर्षे पूर्ण करणारा विद्यार्थी अर्ज करू शकतो. पदवी त्याच उन्हाळ्यात हाती येणार असली, तरी हरकत नाही. इंग्रजी चांगले यायला हवे; फ्रेंचवाचून अडत नाही. सदस्य देशांच्या आणि इतर देशांच्या नागरिकांसाठी स्वतंत्र जाहिराती निघतात, म्हणून आपण कोणत्या जाहिरातीत बसतो हे आधी पाहावे.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याची मुदत बहुधा जानेवारीच्या अखेरीस संपते. त्यासोबत स्वतःची शैक्षणिक माहिती, आतापर्यंतच्या गुणपत्रिका आणि किमान एका प्राध्यापकाचे अलीकडचे शिफारसपत्र लागते.

माझ्या मते अर्जाचे खरे वजन 'काय केले आहे' या उत्तरावर ठरते. 'मला कणभौतिकीची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या अर्जात असते आणि त्यावरून निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी सर्नमधल्याच सीएमएस या प्रयोगाची सर्वांसाठी खुली असलेली विदा उतरवून घ्यावी, विरुद्ध प्रभाराच्या दोन म्यूऑनांचे (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) एकत्रित वस्तुमान काढावे आणि रूट ही विदा-विश्लेषणाची संगणकप्रणाली किंवा पायथन वापरून त्याचा आलेख मांडावा. सुमारे ३.१ जीईव्हीपाशी (जीईव्ही हे कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) जे-साय कणाचे आणि ९१ जीईव्हीपाशी झेड बोसॉनचे शिखर त्यात स्पष्ट दिसते. कोणत्या घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी, गाळल्या, त्या का गाळल्या आणि शिखराची रुंदी झेडच्या मूळ रुंदीपेक्षा जास्त का आली, हे चार ओळींत लिहिता आले, तर मोजमापातील त्रुटी अर्जदाराला समजते हे आपोआप दिसते. डिटेक्टरच्या कामात रस असणाऱ्याने सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारा पदार्थ) वापरून वैश्विक किरणांतील म्यूऑन मोजले असल्यास तेही तितक्याच तपशिलाने लिहावे.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान तीन आठवडे आधी सांगावे आणि या कामाचे टिपणही त्यांच्याकडे द्यावे, म्हणजे पत्रात नुसती स्तुती न येता कामाचा उल्लेख येईल.