दोन ए. आर. नोगेरा: मिनोतावरो कोणता आणि मिनोतोरो कोणता?

डॅन हेंडरसन हा अमेरिकेचा कुस्तीगीर. १९९२ आणि १९९६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये तो ग्रीको-रोमन कुस्ती खेळला आणि पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएमध्ये, मोठा झाला. जपानच्या प्राइड स्पर्धेत त्याच्या नावावर दोन पराभव असे आहेत: डिसेंबर २००२, आर्मबार, ए. आर. नोगेरा. एप्रिल २००५, आर्मबार, ए. आर. नोगेरा. आर्मबार म्हणजे सरळ हात कोपरातून उलटा ताणून समोरच्याला हार मानायला लावायचा डाव. नोंद वाचणाऱ्याला वाटतं, एकाच माणसाने त्याला दोनदा त्याच डावात पकडलं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला अँटोनियो रॉड्रिगो नोगेरा, दुसरा अँटोनियो रोजेरिओ नोगेरा. आद्याक्षरं सारखी, आडनाव सारखं, चेहराही सारखा, कारण दोघे जुळे भाऊ आहेत. २ जून १९७६ रोजी ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या व्हितोरिआ दा कोंकिस्ता या गावी दोघे जन्मले.

टोपणनावांनी हा गोंधळ मिटायला हवा होता, पण तो आणखी वाढला. रॉड्रिगो म्हणजे मिनोतावरो, ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा राक्षस. रोजेरिओ म्हणजे मिनोतोरो. पोर्तुगीजमध्ये ‘तोरो’ म्हणजे बैल, त्यावरून केलेला हा शब्दखेळ. रोमन लिपीत दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी हात टेकले आणि ‘बिग नॉग’, ‘लिटल नॉग’ म्हणायला सुरुवात केली. तेही फसवंच, कारण ‘लिटल’ म्हणजे धाकटा असा समज होतो. तो फरक वयाचा नाही, वजनगटाचा आहे. रॉड्रिगो हेवीवेटमध्ये लढायचा आणि रोजेरिओ ९३ किलोच्या आत. या ९३ किलोच्या गटाला प्राइडमध्ये मिडलवेट म्हणत आणि यूएफसीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एमएमए संस्थेत, लाइट हेवीवेट म्हणतात. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना रोजेरिओने मधेच गट बदलला असं वाटतं. त्याने तो बदलला नव्हता.

दोघांची शाळा एकच. लहानपणी ज्युडो, मग बॉक्सिंग, मग ब्राझीलियन जिउ-जित्सू. दोघांचा ब्लॅक बेल्टही एकाच गुरूकडचा, कार्लसन ग्रेसी यांचे शिष्य रिकार्डो दे ला रिव्हा यांच्याकडचा. दे ला रिव्हा यांच्या नावाचा गार्ड आज जगभर शिकवला जातो. त्यात आपण खाली असतो आणि समोरचा उभा. आपला पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरून वळवून मांडीमागे आकड्यासारखा अडकवायचा आणि त्याचा तोल आपल्या ताब्यात ठेवायचा. इथे मराठी वाचकाने एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. आपल्या तालमीत पहिल्या दिवसापासून सांगतात, पाठ मातीला लागू द्यायची नाही. पाठ लागली की कुस्ती संपली. जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावरही लढत चालू राहते, आणि गार्ड म्हणजे पाठीवर पडून लढण्याचीच विद्या. आपल्या डोळ्यांना जो चीत झालेला दिसतो, तोच कधी कधी डाव टाकत असतो.

रॉड्रिगोची सगळी कारकीर्द या एका गोष्टीवर उभी आहे. २००१ च्या फेब्रुवारीत त्याने जपानमधली रिंग्ज संस्थेची किंग ऑफ किंग्ज स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी तो प्राइडमध्ये आला. सप्टेंबरमध्ये त्याच्यासमोर मार्क कोलमन होता. कोलमन १९९२ च्या ऑलिंपिकमधला फ्रीस्टाइल कुस्तीगीर, २००० ची प्राइड ग्रां प्री, म्हणजे प्राइडची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकलेला. समोरच्याला खाली घ्यायचं, वर बसायचं आणि हाणत सुटायचं, ही त्याची पद्धत होती. त्याने रॉड्रिगोला खाली घेतलंही. पण खाली रॉड्रिगोचे पाय वाट बघत होते.

ट्रँगल चोक कसा बसतो ते सांगतो. वरचा माणूस ठोसा मारायला एक हात मागे घेतो आणि दुसरा तुमच्या पोटाजवळ राहतो. त्या क्षणी त्याचा एक हात तुमच्या पायांच्या आत असतो आणि एक बाहेर. तुम्ही मांडी त्याच्या मानेवर टाकता आणि तोच पाय दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीत अडकवता. आता त्याच्या मानेची एक बाजू तुमची मांडी दाबते आणि दुसरी बाजू त्याचाच खांदा. मेंदूकडे जाणारं रक्त अडतं. तो सुटायला उठू पाहतो, तेव्हा आत अडकलेला हात सरळ होतो आणि आर्मबारला मिळतो. कोलमनचं असंच झालं, तो ट्रँगलमधून आर्मबारमध्ये गेला. नोव्हेंबर २००१ मध्ये टोकियो डोममध्ये हीथ हेरिंगला हरवून रॉड्रिगो प्राइडचा पहिला हेवीवेट विजेता झाला.

त्याला ओळखायची आणखी एक खूण त्याच्या पाठीवर आहे. लहानपणी, दहा-अकरा वर्षांचा असताना, तो ट्रकखाली सापडला. चार दिवस कोमात होता आणि कित्येक महिने इस्पितळात. एक बरगडी गेली आणि यकृताचा तुकडाही गेला. पाठीच्या उजव्या बाजूला, कमरेच्या वर, मूठ बसेल एवढा खळगा कायमचा राहिला. कुठल्याही लढतीच्या चित्रफितीत तो पाठमोरा वळला की हा खळगा दिसतो. रोजेरिओच्या पाठीवर तो नाही. दोघांना वेगळं ओळखायची याहून खात्रीची खूण मला माहीत नाही, आणि ती बघताना दर वेळी गलबलून येतं.

मार खायची त्याची ताकद अफाट होती. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये बॉब सॅप त्याच्यासमोर आला. सॅप म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधून आलेला सुमारे १७० किलोचा माणूस, रॉड्रिगोपेक्षा साठएक किलोंनी जड. रॉड्रिगो पाय धरायला आत शिरला, तर सॅपने त्याला उलटं उचललं आणि डोक्यावर आपटलं. मान मोडली असं बघणाऱ्याला वाटावं इतकं जोरात. पहिली फेरी दहा मिनिटांची, आणि रॉड्रिगो बराच वेळ खाली राहून मार खात होता. दुसऱ्या फेरीत सॅपचा दम गेला, रॉड्रिगो वर आला, हात सापडला आणि आर्मबार बसला. पुढच्या वर्षी मिर्को क्रो कॉपविरुद्धही तसंच. पहिल्या फेरीच्या अखेरीस क्रो कॉपची लाथ डोक्याला लागून तो कोसळला आणि घंटा झाली म्हणून वाचला. दुसऱ्या फेरीत त्याने क्रो कॉपला खाली घेतलं आणि आर्मबारवर हंगामी पट्टा, म्हणजे तात्पुरतं विजेतेपद, मिळवला.

रोजेरिओची लढत पाहायला बसलं की हे काहीच दिसत नाही, आणि म्हणून पुष्कळ जण त्याला भावाची फिकी नक्कल ठरवतात. मला ते मान्य नाही. तो डावखुरा उभा राहतो, म्हणजे उजवा पाय पुढे आणि जोराचा हात डावा. रॉड्रिगो डावा पाय पुढे ठेवतो. चित्रफीत सुरू होताच आधी पाय बघा, चेहरा बघू नका. रोजेरिओ मुळात बॉक्सर होता. यूएफसीत जाण्याआधी, २००७ च्या रिओमधल्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धेत, त्याने ब्राझीलसाठी बॉक्सिंगच्या सर्वांत वरच्या वजनगटात कांस्यपदक जिंकलं. ९३ किलोच्या गटात एमएमए लढणाऱ्या माणसाने ९१ किलोच्या वरच्या बॉक्सरांशी दोन हात करून पदक आणावं, हे सोपं काम नाही. जिउ-जित्सू त्याच्याकडे भक्कम होतं, हेंडरसनचा आर्मबार त्याची साक्ष आहे. पण तो मुद्दाम खाली पडून डाव शोधत बसला नाही. उभं राहायचं, डावा हात नेमका टाकायचा, आणि समोरचा अंगावर आला तरच जमिनीवरची विद्या बाहेर काढायची, ही त्याची रीत. अ‍ॅलिस्टर ओव्हरीमला त्याने प्राइडमध्ये दोनदा हरवलं. अ‍ॅलिस्टरचा थोरला भाऊ व्हॅलेंटाइन याला रॉड्रिगोने रिंग्जच्या अंतिम लढतीत हरवलं होतं. म्हणजे भावाभावांच्या जोड्यांचा हा आणखी एक गुंता.

मग रोजेरिओला पट्टा का मिळाला नाही? प्राइडचा नाही, यूएफसीचाही नाही. एक कारण त्याचा गट. २००५ साली प्राइडच्या ९३ किलोच्या ग्रां प्रीमध्ये वांडरले सिल्वा, मॉरिसिओ ‘शोगुन’ रुआ, व्हितोर बेलफोर्ट, क्विंटन जॅक्सन हे सगळे एकाच मांडवात होते. रोजेरिओने पहिल्या फेरीत हेंडरसनला काढलं आणि दुसऱ्या फेरीत शोगुनशी गाठ पडली. ती लढत पंचांच्या निकालावर शोगुनला मिळाली आणि शोगुनने पुढे स्पर्धाच जिंकली. दुसरं कारण त्याच्या खेळातच आहे. नेमका ठोसा टाकणारा माणूस झटपट ठोशात सापडूही शकतो. २००७ मध्ये कॅमेरूनच्या सोकुजूने त्याला २३ सेकंदांत पाडलं आणि २०१४ मध्ये अँथनी जॉन्सनने एका मिनिटाच्या आत.

रॉड्रिगोच्या उतरणीचं कारण मात्र वेगळं आहे, आणि जिउ-जित्सू आणि एमएमए यांतला खरा फरक तिथेच कळतो. मार्च २००३ मध्ये योकोहामात फेदोर एमिलियानेंको रॉड्रिगोच्या गार्डमध्ये शिरला. बाकीचे तिथून निसटायला बघत, फेदोर तिथेच राहिला. निव्वळ जिउ-जित्सूच्या स्पर्धेत ठोसे नसतात. खालच्याला श्वास घ्यायला, पकड बदलायला, डाव रचायला वेळ मिळतो. एमएमएत तोच वेळ वरच्यालाही मिळतो आणि तो त्यात मुठी मारतो. फेदोरने कोपरं अंगाशी ठेवली, हात लांब राहू दिला नाही आणि प्रत्येक ठोसा वरून पूर्ण वजनासकट आणला. रॉड्रिगोने पट्टा गमावला आणि २००४ च्या ३१ डिसेंबरलाही तो फेदोरकडून हरला. माझ्या मते त्या दोन रात्रींनंतर नुसता खाली वाट बघणारा गार्ड वरच्या पातळीवर पुरेसा राहिला नाही. तरी रॉड्रिगोने २००८ च्या फेब्रुवारीत टिम सिल्व्हियाकडून दोन फेऱ्या मार खाऊन तिसऱ्या फेरीत गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव, लावलं, यूएफसीचा हंगामी पट्टा घेतला आणि प्राइड आणि यूएफसी दोन्हींकडे हेवीवेट पट्टा धरणारा पहिला माणूस ठरला.

दोन भावांतला फरक एका रात्रीत बघायचा असेल तर १० डिसेंबर २०११ ची टोरांटोची यूएफसी १४० बघावी. दोघेही त्याच कार्डावर, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींच्या यादीत, होते, लागोपाठच्या लढतींत. आधी रोजेरिओ विरुद्ध टिटो ऑर्टिझ. रोजेरिओने गुडघा बरगडीखाली घातला, ऑर्टिझ दुमडला, आणि मग घाई न करता त्याच जागी पोटावर ठोसे मारत राहिला. ३ मिनिटं १५ सेकंदांत पंचाने लढत थांबवली. त्यानंतर रॉड्रिगो विरुद्ध फ्रँक मिर. रॉड्रिगोच्या ठोशांनी मिर हलला, खाली गेला. आणखी दोनचार ठोशांत काम झालं असतं. पण रॉड्रिगोचे हात मानेकडे गेले, गळा आवळायला. मिर त्यातून वळला, वर आला आणि त्याने किमुरा पकडला. किमुरात मनगट धरून हात पाठीमागे पिळतात आणि सगळा ताण दंड आणि खांद्यावर येतो. रॉड्रिगो पिळातून सुटण्यासाठी लोळला, मिर त्याच्याबरोबर लोळला. टॅप करेपर्यंत, म्हणजे हाताने थोपटून हार मानेपर्यंत, दंडाचं हाड मोडलं होतं. सबमिशनवर, म्हणजे डावात अडकून हार मानून, तो त्याआधी कधीच हरला नव्हता.

ज्या जपानी ज्युडोपटूच्या नावावरून या डावाला किमुरा म्हणतात, त्या मासाहिको किमुराने १९५१ साली रिओच्या माराकानात याच डावाने हेलिओ ग्रेसीचा हात मोडला होता. हेलिओने टॅप केलं नव्हतं, त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल आला. साठ वर्षांनी त्याच ब्राझीलियन जिउ-जित्सूच्या सर्वांत लाडक्या हेवीवेटचा हात त्याच डावात गेला. मला त्या रात्री सर्वांत जास्त चुटपुट लागते ती त्या एका क्षणाची. मिर हलल्यावर ठोसे चालू ठेवायचे की गळा धरायचा? रोजेरिओने बहुधा ठोसे चालू ठेवले असते. थोड्याच वेळापूर्वी त्याने तेच केलं होतं.

१ ऑगस्ट २०१५ रोजी रिओमध्ये दोघे पुन्हा एकाच कार्डावर आले आणि दोघेही हरले. रॉड्रिगो स्टेफान स्त्रूवेकडून हरला, त्यानंतर तो लढला नाही आणि पुढच्या वर्षी यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. रोजेरिओ त्या रात्री दहा वर्षांनी पुन्हा शोगुनसमोर होता आणि पुन्हा पंचांच्या निकालावर हरला. त्याने मात्र थांबायला नकार दिला. २०२० च्या जुलैमध्ये, कोविडच्या काळात, अबू धाबीच्या रिकाम्या सभागृहात ४४ वर्षांचा रोजेरिओ तिसऱ्यांदा शोगुनसमोर उभा राहिला, उजवा पाय पुढे ठेवून. तीन फेऱ्या झाल्या. दोन पंचांनी शोगुनला कौल दिला, एकाने रोजेरिओला.