क्वालिफाइंग ऑफर म्हणजे बेसबॉलचं आरटीएम नव्हे

दर नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एडिसनहून आमच्या दाजींचा मेसेज येतो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, नुकतीच संपलेली असते, अमक्या क्लबने तमक्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (करार संपलेल्या आपल्या खेळाडूला देऊ केलेला आणखी एका वर्षाचा करार) दिल्याची बातमी असते आणि खाली दाजींची टीप: "म्हणजे आपलं आरटीएमच की!" नाही हो दाजी. तीन वर्षं झाली, मी नाही म्हणतोय. आणि एकटे दाजीच असते तर मी लिहायला बसलोही नसतो. आयपीएल बघून बेसबॉलकडे वळलेला जो भेटतो, तो हेच म्हणतो.

आरटीएम तुम्हाला मी काय सांगणार! राइट टू मॅच: लिलावात शेवटची बोली लागते, जुना संघ कार्ड वर करतो आणि तेवढेच पैसे मोजून आपला खेळाडू परत घेतो. जेद्दाच्या लिलावात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, समोरच्याला आकडा आणखी एकदा वाढवायची मुभा मिळाली. पंतवर लखनौची २०.७५ कोटींची बोली होती, दिल्लीने आरटीएम म्हटल्यावर लखनौने थेट २७ कोटी केले आणि दिल्ली गप्प बसली. अर्शदीपला हैदराबादने १८ कोटींवर नेलं, पंजाबने तेवढे मोजले. दोन्ही वेळा खेळाडूला कुणी विचारलं नाही. एवढं पुरे.

त्याच महिन्यात अमेरिकेत काय चाललं होतं ते बघा. न्यूयॉर्क यांकीजनी हुआन सोटोला क्वालिफाइंग ऑफर दिली: एक वर्ष, २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर. त्याने नाही म्हटलं. डिसेंबरात त्याच शहरातल्या मेट्सनी त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. यांकीजना तेव्हा कार्ड वर करता आलं नाही, कारण तसं कार्डच नसतं. इतरांसारखी बोली लावायची, हरलात तर हरलात.

किरकोळ फरक भराभर सांगतो. रक्कम क्लब ठरवत नाही. सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी काढतात, आणि त्या वर्षी ज्याला ज्याला ऑफर मिळते त्याला तीच. २०१२ मध्ये पद्धत सुरू झाली तेव्हा ती १ कोटी ३३ लाख होती, २०२५ मध्ये २ कोटी २० लाख २५ हजार. त्यामुळे "क्लबने एकच वर्ष देऊन अपमान केला" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती ऑफर एकाच वर्षाची असते. ती मिळायला खेळाडू अख्खा हंगाम त्याच क्लबात असावा लागतो. हो की नाही ते खेळाडू सांगतो, तेही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे बाजार अजून धड उघडलेला नसताना. आरटीएमचा आकडा बोली संपल्यावर कळतो, इथे बोली लागायच्या आधीच आकडा हातात ठेवतात.

पण खरी गफलत पुढे आहे. लोकांना वाटतं, खेळाडूने नाही म्हटलं की विषय संपला, तो मोकळा. मोकळा होतो, पण त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढतो.

ही उपमा मी उगाच देत नाही. आरटीएम म्हणजे वाडवडिलांच्या जमिनीत भाऊबंदाचा पहिला हक्क: बाहेरच्याने भाव लावावा, भावकीतल्याने तेवढे मोजून ठेवून घ्यावी. ऑफर नाकारलेला खेळाडू म्हणजे बोजा असलेला प्लॉट. विकायला पूर्ण मोकळीक, मूळ मालक आडवा येत नाही. पण जो घेईल त्याच्या गळ्यात बोजा पडतो.

हा बोजा ड्राफ्टचा. शाळा-कॉलेजातल्या नव्या पोरांना संघ पाळीपाळीने उचलतात तो ड्राफ्ट. ऑफर नाकारलेला खेळाडू जो नवा क्लब घेतो, त्याला ड्राफ्टमधली पाळी सोडावी लागते. लक्झरी टॅक्स (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगार वाटल्याचा दंड) भरणारा क्लब असेल तर दोन पाळ्या, शिवाय परदेशी पोरांसाठीच्या निधीतले १० लाख डॉलर. सोटोसाठी मेट्सनी हे मुकाट्याने सोसलं. जुन्या क्लबला बदल्यात एक जादा पाळी मिळते. यांकीजना मिळाली ती चौथ्या फेरीनंतरची, कारण तेही टॅक्स भरणारेच.

म्हणजे दंड तिसरा भरतो, आणि तो दंड खेळाडूच्या भावातून वजा होतो. सोटोच्या ७६ कोटींत दोन पाळ्या कुठे दिसतात? पण मधल्या दर्जाच्या, तिशी ओलांडलेल्या खेळाडूकडे बघताना क्लबचा जनरल मॅनेजर आधी पाळी मोजतो आणि मग माणूस.

केंड्रिस मोरालेसचं उदाहरण बघा. २०१३ च्या नोव्हेंबरात त्याने सिएटलचे १ कोटी ४१ लाख नाकारले. तेव्हा नियम आणखी कडक होता, नव्या क्लबची पहिल्या फेरीतली पाळीही जायची. हिवाळा गेला, हंगाम सुरू झाला, मोरालेस घरीच. जून २०१४ मध्ये ड्राफ्ट झाला, बोजा आपोआप उतरला आणि त्याच आठवड्यात मिनेसोटाने त्याला घेतलं. उरलेल्या हंगामाचे त्याला मिळाले साधारण ७४ लाख. २०१९ मध्ये डॅलस कायकल आणि क्रेग किंब्रेल यांनाही असंच जूनपर्यंत ताटकळावं लागलं. आरटीएममुळे कुणी दोन-तीन महिने घरी बसलाय का? तिथे हातोडा पडतो आणि पाच मिनिटांत निकाल लागतो.

एवढं कळलं की एक वर्षाची ऑफर लोक का घेतात ते आपोआप कळतं. पहिली तीन वर्षं ३४ ऑफर दिल्या गेल्या, एकानेही घेतली नाही. २०२५ मध्ये तेरांपैकी चौघांनी घेतली. त्यातला यांकीजचा ट्रेंट ग्रिशम: २०२४ मध्ये ९ होम रन (बेसबॉलचे षटकारच म्हणा), २०२५ मध्ये एकदम ३४, पगार ५० लाख. एका वर्षाच्या जोरावर त्याला पाच वर्षं कोण देणार, वर पाळी गमावून? त्याने २ कोटी २० लाख खिशात टाकले. "घाबरला" म्हणणारे भेटले मला. मी तर म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला नाही.

आता दाजींचाच दुसरा घोळ: प्लेयर ऑप्शन आणि क्वालिफाइंग ऑफर त्यांना एकच वाटतात. ऑप्शन म्हणजे आधीच्या कराराच्या पोटातलं कलम: करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते खेळाडू ठरवतो, रक्कम त्यातच लिहिलेली. शिकागो कब्जच्या शोटा इमानागाने २०२५ मध्ये साधारण दीड कोटीचा ऑप्शन सोडला, तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा झाला, मग कब्जनी क्वालिफाइंग ऑफर दिली आणि ती त्याने घेतली. ऑप्शन सोडला म्हणून बोजा चढला नसता. ऑफर नाकारली असती तर चढला असता. यापलीकडे त्यात काही नाही.

आणि लोक विसरतात ती गोष्ट: गेल्या काही वर्षांच्या नियमाने ही ऑफर एका खेळाडूला कारकिर्दीत एकदाच देता येते. घेतली काय, नाकारली काय, पुन्हा नाही. पिचर (आपला गोलंदाज) केव्हिन गॉसमनने २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे १ कोटी ८९ लाख घेतले. तेव्हाही "लांबचा करार मिळत नसणार" अशी कुजबुज होतीच. पुढच्या हंगामात त्याने १४ सामने जिंकून दिले, दर नऊ डावांमागे धावा दिल्या सरासरी २.८१. मग तो पुन्हा बाजारात आला, पण या वेळी जायंट्सना त्याच्यावर काहीच चढवता येईना. टोरंटोने त्याला पाच वर्षांसाठी ११ कोटी डॉलर दिले आणि ड्राफ्टमधली एकही पाळी गमावली नाही. सातबारा कोरा.

हे सगळं मी दाजींना एकदा फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पंतला ही ऑफर दिली असती तर?"